इंट्रोडक्शन: तांब्याच्या देशातला पहिला रॉक अल्बम

आजच्या भागात एकच अल्बम घेतलाय. अल्बमचं नाव 'इंट्रोडक्शन', बँडचं नाव 'विच', देश झांबिया. साल कुणी १९७२ देतं, कुणी १९७३. विच म्हणजे चेटकीण, हे खरंच. पण इथे ती पाच इंग्रजी आद्याक्षरं आहेत. 'वुई इंटेंड टू कॉज हॅवक'. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'आम्ही धुमाकूळ घालायला आलोय.' विशीच्या आसपासच्या पोरांनी बँडला ठेवावं असंच नाव.

झांबियात तयार होऊन बाजारात विक्रीला आलेला हा पहिला लाँगप्ले अल्बम मानला जातो. पहिला रॉक अल्बम नव्हे, पहिलाच अल्बम. या गोष्टीचा आवाका लक्षात यायला मला थोडा वेळ लागला होता. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली, दमदमला कारखाना झाला, बालगंधर्वांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. त्यामुळे 'एखाद्या देशाचा पहिला अल्बम' असं काही असू शकतं, आणि तो रोलिंग स्टोन्सच्या नादाला लागलेल्या पाच जणांनी काढलेला असू शकतो, हे आपल्या डोक्यात सहज बसत नाही.

(इथे ऑडिओमध्ये शीर्षकगीताचा सुरुवातीचा तुकडा वाजवला आहे.)

ऐकलंत ना? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. गिटारचा आवाज भरडल्यासारखा येतो. त्याला फझ म्हणतात; आवाज मुद्दाम इतका वाढवायचा की तो फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजावरच चाल उभी करायची. ड्रम्स अगदी अंगावर येतात. गायक जणू खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी उभा राहून गातोय. हे सगळं मुद्दाम केलेलं होतं की साधनं तेवढीच होती म्हणून झालं? माझं मत विचाराल तर दोन्ही. पण ते समजायला आधी थोडा भूगोल आणि थोडं अर्थशास्त्र लागेल. कंटाळू नका, पुढे त्याचा उपयोग आहे.

झांबिया म्हणजे पूर्वीचा उत्तर ऱ्होडेशिया. २४ ऑक्टोबर १९६४ ला स्वतंत्र झाला. समुद्रकिनारा नाही. उत्तरेला काँगोच्या सीमेलगत खाणींचा पट्टा आहे, त्याला कॉपरबेल्ट म्हणतात. किटवे, न्डोला, लुआन्शा, मुफुलिरा, चिंगोला ही तिथली गावं. आपल्याकडे गिरणगाव होतं तशी ही खाणगावं. कंपनीच्या चाळवजा वसाहती, भोंग्यावर चालणारं आयुष्य, खेड्यातून आलेली माणसं, आणि संध्याकाळी करमणुकीची भूक. साठच्या दशकाच्या अखेरीस हा देश वर्षाला सुमारे ७ लाख टन तांबं काढत होता आणि निर्यातीतले ९० टक्क्यांहून जास्त पैसे एकट्या तांब्याचे होते. एका पिकावर शेत लावणाऱ्या शेतकऱ्याला यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरी बाजू अशी की स्वातंत्र्याच्या वेळी अख्ख्या देशात पदवीधर झांबियन माणसं होती शंभरच्या आसपास. हजार नव्हे, शंभर. नव्या सरकारने तांब्याचा पैसा शाळांमध्ये ओतला. 'विच'चा गायक या पिढीतला. जन्म १९५१चा, म्हणजे स्वातंत्र्य आलं तेव्हा वय तेरा. माध्यमिक शाळेची दारं नुकतीच उघडलेली, आणि शाळेत गिटार हाताळणारी मुलं. ही रॉक संगीताची पिढी म्हणजे झांबियातली हायस्कूलला गेलेल्या मुलांची पहिली मोठी लाट होती. हा मुद्दा संगीतावर लिहिणाऱ्यांकडून नेहमी सुटतो.

त्या गायकाचं नाव इमॅन्युएल चांदा. (आपल्या चंद्रपूरच्या चांद्याशी काही संबंध नाही; बेंबा लोकांत हे नाव सर्रास आढळतं.) टोपणनाव 'जगारी'. मिक जॅगरवरून. बेंबा भाषेत शब्दाचा शेवट स्वराने होतो, म्हणून जॅगरला शेवटी स्वर लावून घरचा करून टाकला. आपण 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' केला तसं. गिटारवर ख्रिस म्बेवे, त्याला 'किम्स' म्हणत. दुसऱ्या गिटारवर जॉन मूमा, टोपणनाव 'म्युझिक'. बासवर गिडियन म्वामुलेंगा ऊर्फ 'गिडी किंग'. ड्रम्सवर बॉयडी सिंकाला ऊर्फ 'स्टार मॅकबॉइड'. नावं मुद्दाम पुरी वाचून दाखवली. पुढे ती लागणार आहेत.

या मुलांच्या कानावर हे संगीत आलं कुठून? काही तबकड्यांतून, आणि बरंचसं रेडिओतून. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मोझांबिकमध्ये लोरेन्सो मार्किस शहरातून एलएम रेडिओ नावाचं केंद्र चाले. त्यावर इंग्रजी पॉप लागे आणि ते खंडाच्या दक्षिण भागात दूरदूर ऐकू जाई. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली तेव्हा आपण सिलोन लावलंच ना! परक्या देशातल्या ट्रान्समीटरवरून येणारं, मधूनच खरखरणारं, वर-खाली होणारं गाणं. अशा रेडिओवर जिमी हेंड्रिक्स ऐकला तर त्यातलं काय हेंड्रिक्सचं आणि काय हवामानाचं, हे कसं वेगळं करणार? मला तर कधीकधी वाटतं की झांबियन गिटारमधला तो भरड आवाज थोडासा या शॉर्टवेव्हचाही असेल. पुरावा विचारू नका, हे माझं स्वतःचं खूळ आहे.

सुरुवातीला हे सगळे बँड दुसऱ्यांची गाणी वाजवत. स्टोन्स, ग्रँड फंक रेलरोड, डीप पर्पल, जेम्स ब्राउन. आपल्या ऑर्केस्ट्रासारखंच. आपल्याकडेही गावोगावी ऑर्केस्ट्रात 'आवाजाचे बादशहा' होते, हुबेहूब किशोरकुमार, हुबेहूब मुकेश. फरक इतकाच की आपल्या ऑर्केस्ट्रातून स्वतःच्या गाण्यांचा अल्बम क्वचितच निघाला. किटवेच्या या पोरांनी तो काढला.

आता 'कसा काढला' ते बघू. सगळ्यात इंटरेस्टिंग भाग मला हाच वाटतो. देशात गाणी रेकॉर्ड करायची नीट सोय नाही. राजधानी लुसाकामध्ये मॅलेकाइट फिल्म्स नावाचा स्टुडिओ होता. नावावरूनच कळतं की तो काही संगीतासाठी बांधलेला नव्हता. मॅलेकाइट म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज. या देशात काहीही खरवडलं की खाली तांबंच निघतं! त्या काळात झांबियन बँड्सना अशाच जागी रेकॉर्डिंग करावं लागे. मुंबईतल्या फिल्म सेंटर किंवा मेहबूब स्टुडिओचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. थोडेसे माइक, थोडेसे ट्रॅक, सगळ्यांनी एकदम वाजवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर चूक तशीच ठेवायची. अल्बममध्ये दोन-तीन ठिकाणी ताल किंचित पुढे सरकतो, बँड गायकाच्या आधी वळण घेतो. ते तसंच राहिलंय.

मग तबकड्या छापायच्या कुठे? देशात त्या वेळी सोय नाही. दक्षिणेला गोऱ्या अल्पसंख्याकांचं ऱ्होडेशिया, त्यांच्याशी संबंध ताणलेले. जानेवारी १९७३ मध्ये तर सीमाच बंद झाली. तेव्हा तबकड्या छापल्या केनियात, नैरोबीला. म्हणजे मधला टांझानिया ओलांडून पलीकडे. कंपनी पाठीशी नाही, बँडचा स्वतःचाच खटाटोप. प्रती आल्या त्या बँडच्याच कार्यक्रमांत विकल्या गेल्या. आज ज्याला आपण मोठ्या तोंडाने 'इंडिपेंडंट रिलीज' म्हणतो ते हेच. फक्त त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

गाणी जवळजवळ सगळी इंग्रजीत. यावरून काही लोक नाक मुरडतात. आफ्रिकी बँड आणि इंग्रजी गाणी? मग यात आफ्रिकी ते काय? मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. झांबियात सत्तरहून जास्त जमाती. 'एक झांबिया, एक राष्ट्र' ही केनेथ कौंडा यांची घोषणा. बेंबात गायलं तर पूर्वेकडचा न्यांजा बोलणारा म्हणणार, आमचं काय? शाळा इंग्रजीत, खाणगावात सगळीकडून आलेली माणसं. त्यामुळे १९७२ मधल्या किटवेच्या तरुणाला इंग्रजी ही साहेबाची भाषा होतीच, पण शेजाऱ्याशी बोलायची भाषासुद्धा होती. पुढे 'विच'ने बेंबा आणि न्यांजातही गाणी केली, ती छानच आहेत. तरी म्हणून पहिला अल्बम कमअस्सल ठरत नाही.

खरं आफ्रिकीपण मला त्यातल्या ड्रम्समध्ये ऐकू येतं. 'लाइक अ चिकन' नावाचं एक गाणं आहे. नाव ऐकूनच हसू येतं, आणि त्यांनाही ते हसवायचंच असणार. त्यात ड्रम आणि बास यांचं जे चाललंय ते ब्रिटिश हार्ड रॉकसारखं धोपटणं नाही. ताल सतत पुढे ढकलला जातो, नाचणाऱ्याला पाय टेकवू देत नाही. 'होम टाऊन' आणि 'सी युअर मामा' ही आणखी दोन गाणी आवर्जून ऐका. सगळीच गाणी चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. काही गाणी म्हणजे एक चाल सापडली आणि तीच घोळवत बसले अशी आहेत. शब्द तर बहुतेक ठिकाणी प्रेम, गाव, मजा याच्या पलीकडे जात नाहीत. शिल्पासारखा घोटीव अल्बम हवा असेल तर त्यांचाच तिसरा, १९७५चा 'लेझी बोन्स' ऐका. तो जड आहे, गंभीर आहे, गिटारही जास्त पक्की. जाणकार त्यालाच वरचा नंबर देतात. मी 'इंट्रोडक्शन' घेतला, कारण 'लेझी बोन्स' निघाला तेव्हा मागे वाट मळलेली होती. रेकॉर्ड कंपन्या होत्या, इतर बँड्सचे अल्बम होते, या प्रकाराला 'झॅमरॉक' असं नावही मिळत होतं. 'इंट्रोडक्शन'च्या मागे काहीच नव्हतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांत अक्षरशः पीक आलं. अमनाझ, त्यांचा १९७५चा 'आफ्रिका'. रिकी इलिलोंगाचा मूसी-ओ-तून्या. व्हिक्टोरिया धबधब्याचं स्थानिक नाव ते, 'गरजणारा धूर'. पॉल न्गोझी आणि त्याची न्गोझी फॅमिली. न्गोझी म्हणजे धोका. राष्ट्राध्यक्ष कौंडा यांचाही याला हातभार लागला. हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवत. स्वातंत्र्यलढ्यात सायकलवर गिटार घेऊन प्रचार करत फिरले होते. गांधीजींचे अनुयायी, मांसाहार सोडलेले, हातात कायम पांढरा रुमाल. त्यांनी सत्तरच्या दशकात फर्मान काढलं की रेडिओवर वाजणाऱ्या संगीतातलं ९५ टक्के झांबियन हवं. कौंडांना बहुधा लोकसंगीत अपेक्षित असावं. आली ती फझ गिटार! अर्थात हे फर्मान काढणाऱ्या सरकारने डिसेंबर १९७२ मध्ये देशात एकच पक्ष ठेवला होता, हेही विसरू नका. रेडिओ सरकारचा, पक्ष एक, आणि त्या रेडिओवर धुमाकूळ घालायला आलेली पोरं. राजकारणावर थेट बोट ठेवणारं गाणं 'इंट्रोडक्शन'मध्ये सापडत नाही, यात मला नवल वाटत नाही.

'विच'चे कार्यक्रम तासन् तास चालत. संध्याकाळी सुरू झालेला खेळ मध्यरात्र उलटेपर्यंत. जगारी स्टेजवर उड्या मारे, गर्दी इतकी की पोलीस बोलवावे लागत. देशातला सगळ्यात मोठा बँड. आणि तरीही पैसा? तो काही फारसा जमला नाही. हे वेगळं सांगायला हवं का?

आता तांब्याकडे परत येऊ. एप्रिल १९७४ मध्ये जागतिक बाजारात तांब्याचा भाव विक्रमी होता. त्याच वर्षअखेर तो निम्म्याच्याही खाली आला. त्याच्या आधीच, १९७३ मध्ये, तेल महागलेलं. ज्या देशाच्या निर्यातीत ९० टक्क्यांवर तांबं, त्याचं काय झालं असेल याची कल्पना करा. परकीय चलन आटलं. आणि बँडला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू आयात केलेली होती: तारा, अ‍ॅम्प्लिफायर, मायक्रोफोन, टेप. आवाज फाटका असणं ही आधी निवड होती, नंतर सक्ती झाली. त्यात कौंडांनी ऱ्होडेशियाविरुद्ध लढणाऱ्या गनिमांना आसरा दिलेला. ऑक्टोबर १९७८ मध्ये ऱ्होडेशियाच्या विमानांनी लुसाकाजवळच्या तळांवर बाँब टाकले. संचारबंदी, दिवेबंदी. रात्रभर चालणारे कार्यक्रम दुपारच्या उन्हात आले. भर दुपारी, चहाच्या वेळेला हार्ड रॉक! त्यातून डिस्को आला. पाच-सहा जणांना पैसे देण्यापेक्षा एक माणूस आणि दोन टर्नटेबल हॉटेलवाल्याला स्वस्त. मागोमाग कॅसेटची चोरटी बाजारपेठ.

१९७७ मध्ये जगारी बँड सोडून लुसाकाच्या एव्हलिन होन कॉलेजात संगीत शिक्षक व्हायचं शिक्षण घ्यायला गेला. घरसंसार होता, नियमित पगार हवा होता. बँडचं नाव पुढे चालू राहिलं, सूर डिस्कोकडे वळला, १९८४ नंतर तेही थांबलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते रेंगाळून सांगायला माझी जीभ वळत नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत एड्सने झांबियात शिरकाव केला. २०००च्या आसपास तिथे दर सहा-सात प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण होती आणि सरासरी आयुर्मान पंचेचाळीसच्या आसपास घसरलं होतं. औषधं श्रीमंत देशांत मिळत होती, तिथे पोचली नव्हती. मघाशी मी पाच नावं वाचली. किम्स म्बेवे, जॉन मूमा, गिडी किंग, स्टार मॅकबॉइड. या शतकाची सुरुवात होईपर्यंत चौघंही गेले. झॅमरॉकच्या इतर बँड्सचीही साधारण हीच गत. पॉल न्गोझीही १९८९ मध्येच गेला. रॉक संगीताच्या इतिहासात 'सत्ताविशीत मेलेले' हा प्रकार रंगवून सांगितला जातो. इथे एक अख्खी पिढी चाळिशीच्या आसपास संपली, आणि त्यात रंगवण्यासारखं काही नाही.

जगारी उरला. तो खाणीत उतरला. तांब्याच्या नव्हे, रत्नांच्या. हातात फावडं-कुदळ, मोठा खडा लागेल आणि त्यातून स्टुडिओ उभा करता येईल ही आशा.

याच काळात युरोप-अमेरिकेतले जुन्या तबकड्यांचे शौकीन या अल्बमच्या मूळ प्रती हुडकत होते. पुनर्प्रकाशनं सुरू झाली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या नाऊ-अगेन या कंपनीने 'विच'चं सत्तरच्या दशकातलं सगळं काम एकत्र काढलं. याच कंपनीने आपल्या मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट बँडचा 'ऑब्सेशन'ही पुन्हा बाजारात आणलाय. गंमत बघा, मुंबईचा सत्तरच्या दशकातला सायकेडेलिक रॉक मुंबईकरांना कॅलिफोर्नियाच्या कंपनीकडून कळतो.

या सगळ्या लिखाणात एक शब्द सारखा भेटतो: 'हरवलेला' अल्बम, जो अमुक एकाने 'शोधून काढला'. मला हा शब्द टोचतो. किटवे आणि लुसाकामधल्या पन्नाशी-साठीतल्या माणसाला 'विच' कधीच हरवलेला नव्हता. त्याने तो स्वतः नाचून ऐकलेला. संग्राहकांनी तबकड्या शोधल्या, त्यांची निगा राखली, त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. त्यांच्याशिवाय हा भाग झाला नसता. पण हरवलं काय होतं, तर टेप वाजवू शकणारी माणसं. त्यांना कुणी पुन्हा छापू शकत नाही.

२०१७ मध्ये जगारी युरोपच्या दौऱ्यावर गेला. सोबत अर्ध्या वयाचे युरोपियन वादक, आणि ऐंशीच्या दशकातल्या 'विच'मधला कीबोर्डवाला पॅट्रिक म्वोंडेला. २०१९ मध्ये जो आर्लोत्ता या दिग्दर्शकाने त्याच्यावर माहितीपट केला. तो मिळाला तर जरूर बघा, रत्नखाणीतला जगारी त्यात दिसतो. २०२४ मध्ये अमेरिकन रॅपर टायलर, द क्रिएटरने 'नॉइड' या गाण्यात न्गोझी फॅमिलीचा तुकडा वापरला, आणि कोट्यवधी विशीतल्या पोरांनी न कळत न्यांजा भाषा ऐकली.

आणि २०२३ मध्ये 'विच'चा नवा अल्बम आला, 'झांगो'. जवळजवळ चाळीस वर्षांनी. गायक तोच, वय एकाहत्तर. ऐकायचा असेल तर आधी 'इंट्रोडक्शन' पूर्ण ऐका, शक्यतो हेडफोन न लावता, साध्या स्पीकरवर, जरा मोठ्या आवाजात. मग लगेच 'झांगो' लावा. आवाज थोडा जाड झालाय, बाकी जगारी अजून तसाच ओरडतो.